मोहाच्या वासाची परीक्षा

बाई, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मुलीची सिकलसेलची चाचणी करत होतो. तुमच्या भावानं दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी चाचणी पूर्ण केली, नोंद केली, मुलीच्या आईला निकाल समजावून सांगितला आणि मग मागच्या व्हरांड्यात जाऊन रडलो. हा क्रम तुम्हीच लावून दिलेला. आधी रडलो असतो तर तुम्ही तिकडूनही ओरडला असतात, "काऊन गा, त्या लेकराची माय ताटकळून राह्यली तिथी, अन तू इथी नाक पुसत बसला?"

तुमच्या नोकरीची वर्षं, मिळालेले सत्कार, केलेली बाळंतपणं, हे सगळं कोणी ना कोणी लिहीलच. ते मी सोडतो. मला जे सांगायचंय ते थोडं तुमच्याबद्दल आणि थोडं माझ्याबद्दल आहे, आणि माझ्याबद्दलचं जे आहे ते मी तुमच्यासमोर कधी बोललो नाही.

तुम्ही सावलीच्या, मी मूलचा. शेजारशेजारचे तालुके, दोन्हीकडे धानच धान, पण एटापल्ली तालुक्यातल्या जंगलात येऊन आपण तांदळावरून जे भांडलो ते सख्खे भाऊबंदही भांडत नसतील. तुम्ही करंजटोल्याच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई, मी आरोग्य केंद्रातला प्रयोगशाळेवाला. हिवतापासाठी बोटं टोचत फिरायचो म्हणून गावातले लोक मला 'रक्तवाला' म्हणायचे. माझा डबा उघडला की तुम्ही एक घास खाऊन तोंड वाकडं करायचात. "मूलचा भात म्हनजे नुसता पांढरा. चव सावलीतच राह्यली." आणि मग अर्धा डबा संपवायचात. हे भांडण मिटलं नाही, आणि आता मी एकट्यानं ते मिटवणारही नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! डेल्टा हे नाव अजून आपल्यापर्यंत पोचलंही नव्हतं. चैत्राचे दिवस, मोह गळायला लागलेला. गावानं रस्त्यावर बांबू आडवा टाकून बाहेरच्यांना बंदी केली होती. फक्त तुम्हाला मोकळीक होती, आणि तुमच्यामुळे मला. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेल्या. मोहाचा तो गोड, डोक्यात चढणारा वास इतका दाट असतो की नाक बांधून आलेल्यालाही चुकवता येत नाही. आणि एक बाई वेचता वेचता सहज बोलून गेली, "औंदा मोहाले वासच नाई."

बाकीच्या हसल्या. मीही हसलो. तुम्ही मात्र तिच्याकडे बघत राहिलात.

"मोहाले काई नाई झालं. हिच्या नाकाले झालं हाये," तुम्ही म्हणालात. "चाल गा, तुही नाकात घालाची काडी काढ."

तिच्या अंगात ना ताप होता ना खोकला. तुमच्या धाकानं मी नमुना घेतला. कोरोना निघाला. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही झाडाझाडाखाली जाऊन एकच प्रश्न विचारू लागलात: वास येते का? ज्याला येत नाही त्याला बाजूला बसवायचं, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा, सहा मिनिटं चालवायचं, परत चिमटा लावायचा. आकडा खाली गेला की गाडी. मोठ्या शहरात त्या दिवसांत माणसं चाचणीसाठी रांगेत उभी होती, आणि आमच्या बाई मोहाच्या झाडाखाली बसून रोग ओळखत होत्या. करंजटोल्यात त्या लाटेत एकही माणूस दगावला नाही. आजूबाजूच्या गावांचं तसं म्हणता येत नाही. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटायचा की आरोग्य केंद्रात कोणी नवीन डॉक्टर आला की आधी ही गोष्ट सांगायचो आणि मग त्याला चहा विचारायचो.

मोहाचा हंगाम सरला तरी तुम्ही परीक्षा सोडली नाही. स्टीलच्या डबीत वाळलेली फुलं ठेवायचात, थोडं गरम पाणी शिंपडायचात आणि डबी समोरच्याच्या नाकाखाली धरायचात. गावाला त्याची सवय झाली. लेकरं खेळता खेळता येऊन म्हणायची, बाई, माही परीक्षा घे. कोणी खोकलं की घरचेच म्हणत, जाय, बाईचा मोह हुंगून ये. माझ्या किटपेक्षा त्या डबीवर गावाचा जास्त भरवसा होता, आणि खरं सांगतो, माझाही होता.

मग हिवाळ्यात नवीन प्रकार आला. ओमायक्रॉन. या वेळी नाव आधी पोचलं आणि रोग मागून आला. नावासोबत एक शब्दही आला होता: सौम्य. टीव्हीवर तेच, बैठकीत तेच, मोबाइलवर तेच. मी तुम्हाला जीपमध्ये मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत होतो की पसरतो लवकर, पण सौम्य आहे.

"कोनाले सौम्य?" तुम्ही विचारलंत.

"सरासरीनं बघितलं तर बाई..."

"सरासरी कोन्या घरी राह्यते, ते दाखव मले. तिच्या घरी जाऊन येतो."

मी हसलो. तुम्हीही हसलात, पण लगेच खिडकीबाहेर पाहायला लागलात. तुम्हाला काहीतरी खटकत होतं, आणि ते काय हे तुम्हालाही अजून सापडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात देवूभाऊच्या बापाला खोकला झाला. देवूभाऊ म्हणजे गावचा पाटील. बाप ऐंशीच्या घरातला, अजून दोरी वळणारा, तिरसट म्हातारा. लस घेतली नव्हती. तुम्ही चारदा गेलात, तर चारही वेळा त्यानं तुम्हाला चहा पाजून परत पाठवलं. म्हणायचा, माहे किती दिस राह्यले, जवान पोराईले दे. धान घरात आलं होतं, गावात पंडुम म्हणजे नव्या धानाचा सण होता, आणि त्यात म्हातारा बसणार की नाही एवढंच ठरवायचं होतं. तुम्ही डबी धरली. म्हाताऱ्यानं लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "चांगला हाये मोह. पर अजून जरा वाळू द्या लागत होता." सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे वळलात. तरी एक किट कर, म्हणालात.

बाई, आता ते सांगतो.

मी किट केलं. पट्टीवर थेंब टाकले. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. पण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सूरजागडच्या खाणीवरच्या ट्रकांची रांग लागायच्या आत रस्ता ओलांडायचा होता, आणि सकाळ अशी गार होती की माझी बोटं वळत नव्हती. तशा गारठ्यात पट्टीला वेळ लागतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी पाच मिनिटांत पट्टी बघितली. एकच रेघ. "निगेटिव्ह," मी म्हणालो आणि वापरलेली किटं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरली.

आरोग्य केंद्रात पोचून पिशवी रिकामी करताना ती पट्टी वर आली. दुसरी रेघ होती. पुसट, पण होती. किटच्या कागदावर लिहिलेलं असतं की उशिरा दिसलेली रेघ धरायची नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. नियमानं मी बरोबर होतो. पण उशिरा दिसलेल्या रेघेचा नियम पाळायचा आणि लवकर बघू नका हा नियम सोडायचा, असं होत नाही. मला ते तेव्हाही कळत होतं. मी फोन उचलला नाही. रेंज नसेल, म्हटलं. उद्या जाऊ, म्हटलं. सौम्य आहे, म्हटलं.

म्हातारा पंडुमात बसला. चौथ्या दिवशी अर्धं गाव शिंकत होतं. तरुण पोरं दोन दिवस अंग दुखून उठली, लस घेतलेल्या बाया तापातच कामाला लागल्या. तेवढ्यापुरता तो शब्द खरा होता. म्हाताऱ्याला मात्र धाप लागली. खाटेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप, तिथून रुग्णवाहिका. गडचिरोलीला पोचल्यावर तो दोन दिवस होता. शेवटपर्यंत त्याला वास येत होता. दवाखान्यातली नर्स पेज घेऊन आली तर म्हणाला, करपली हाये. त्याच्या नमुन्यात कोणता प्रकार होता हे सांगणारा कागद बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेतून आला, तेव्हा त्याचे दिवसही होऊन गेले होते.

करंजटोल्यातला कोरोनाचा तो पहिला आणि एकमेव मृत्यू. तुम्ही तीन दिवस जेवला नाहीत. चौथ्या दिवशी म्हणालात, गोटुलासमोर गाव बोलाव, मले बोलाचं हाये.

जीपमध्ये मी तुमच्याशी जे भांडलो ते आठवलं की अजून कान तापतात. मी म्हणालो, बाई, गावासमोर चूक कबूल करू नका. आज म्हणाल डबी चुकली, उद्या लोक म्हणतील लसही चुकली. इतक्या वर्षांचा भरवसा एका संध्याकाळी जाईल. मी किती मुद्देसूद बोलत होतो! तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"रोग बदलला," तुम्ही म्हणालात. "आपन नाई बदललो. हे सांगाची लाज कायची?"

मला लाज होती, बाई. मी लसीची काळजी करत नव्हतो. मी माझी काळजी करत होतो.

गोटुलासमोर, गावाच्या त्या सामाईक घरासमोर, तुम्ही उभ्या राहिलात. समोर गाव, पुढे देवूभाऊ, डोकं भादरलेला. तुम्ही आधी गावच्या माडिया बोलीत बोललात, मग पुन्हा मराठीत, बहुतेक माझ्यासाठी. "म्या तुमाले मोह हुंगाले लावला. ज्याले वास आला त्याले म्हनलं, जाय, तुले काई नाई. मागचा रोग नाकावर जात होता म्हून ते जमलं. हा नवा नाकावर जात नाई. मले समजाले पायजे होतं, नाई समजलं. वाघानं पानवठा बदलला, अन मी जुन्याच पानवठ्यावर मचान बांधून बसली. देवूभाऊ, तुमचा बाप माह्या चुकीनं सनात बसला."

किटचं नावही तुम्ही घेतलं नाहीत. मी तुमच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. एक पाऊल पुढे टाकायचं होतं. मी नाही टाकलं.

त्यानंतर सगळं गोडगोड झालं असं कोणी लिहिलं तर ते खोटं आहे. देवूभाऊ उठून गेला. दोन घरं महिनाभर तुमच्याशी बोलली नाहीत. एका म्हातारीनं डबी मागून घेतली आणि तुमच्यासमोर फुलं बकरीला घातली. तुम्ही ते बघत उभ्या राहिलात आणि दुसऱ्या सकाळी त्याच म्हातारीच्या अंगणात लसीची पेटी घेऊन गेलात. तिनं दार लावलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात. पाचव्या दिवशी तिनं दंड पुढे केला.

आणि मग हळूहळू एक गोष्ट झाली, जी मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. गावात कोणाला ताप आला की लोक विचारायचे, "बाई, खून बदलली का?" म्हणजे रोगाची खूण. कालची आज चालते का? घसा की नाक? धाप की नुसती कणकण? म्हाताऱ्याला कसा, लेकराला कसा? सही करायलाही न शिकलेली माणसं हे विचारत होती. शिकलेली माणसं मात्र मोबाइलवर आलेला 'सौम्य' हा एक शब्द इकडून तिकडे ढकलत होती. त्यात मीही आलो. चूक कबूल केल्यानं तुमचा मान जाईल, असं मला वाटलं होतं. उलट तुम्ही अख्ख्या गावाला शंका घ्यायला शिकवलंत, आणि तरी तुमच्यावरचा विश्वास उडू दिला नाहीत. हे कसं केलंत ते मला अजून नीट समजलेलं नाही. पण मी तुमच्याबरोबर काम केलं, हे सांगताना माझा ऊर भरून येतो.

निवृत्त होऊन तुम्ही सावलीला गेलात तरी दर पंधरा दिवसांनी फोन असायचा. शेवटचा फोन आठवतो. बातम्यांमध्ये पुन्हा कुठल्यातरी नव्या उपप्रकाराचं नाव होतं, अक्षरं आणि आकडे जोडून केलेलं.

"नवा कोनता आला म्हनते गा?"

"आहे एक. सौम्य आहे म्हणतात."

"कोन म्हनते?"

मी हसलो. तुम्ही नाही हसलात. "तू करंजटोल्याले जाऊन ये," म्हणालात. "मी आता इथून काय सांगू? तू जाय अन बोल." मी हो म्हटलं. मला वाटलं तुम्ही नव्या प्रकाराबद्दल म्हणताय. कामं होती. गेलो नाही. आणि मग तो भावाचा फोन.

काल करंजटोल्यानं तुमच्या नावानं बैठक ठेवली होती. तुम्ही त्यांच्या जातीच्या नाही, गावच्या नाही, तरी गोटुलासमोर गाव जमलं. चार-पाच तरुण बाया बोलल्या. सगळ्या तुमच्या हातावर जन्मलेल्या. एकीनं तुमची नक्कल केली, डोळे मोठे करून, आणि लोक रडता रडता हसले. मग देवूभाऊ म्हणाला, रक्तवाले भाऊ, तुमी बोला.

मी उभा राहिलो. तुमची स्तुती पाठ करून आणली होती. ती आठवेना. मग मी सांगायला लागलो. पाच मिनिटांत बघितलेली पट्टी. पिवळी पिशवी. दुसरी रेघ. न उचललेला फोन. म्हटलं, देवूभाऊ, तीन दिवस आधी तुमच्या बापाला गाडीत घालता आलं असतं. बाईंनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी त्यांच्या मागे उभा राहून घेऊ दिलं. मला माफ करा असंही म्हणवलं नाही. बोलून झालं आणि मी तसाच उभा राहिलो.

देवूभाऊ जमिनीकडे बघत होता.

"आमाले मालूम हाये," तो म्हणाला.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"बाप गेला त्याच्या दुसऱ्या हप्त्यात बाई घरी आल्ती. म्या विचारलं, बाई, डबी चुकली समजलं, पर किट बी तं केली होती? बाई म्हने, त्याची घाई म्या पाह्यली होती अन म्या थांबवलं नाई, ते माहं. बाकी त्याचं तो सांगन. तोपर्यंत त्याले कोनी विचारू नका." देवूभाऊनं मान वर केली. "आमी नाई विचारलं."

इतकी वर्षं, बाई. त्या गावात मी रक्त तपासायला गेलो, त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या लेकरांची बोटं टोचली. अख्ख्या गावाला माहीत होतं आणि एकानंही शब्द काढला नाही. का, तर तुम्ही सांगितलं होतं की तो सांगेल. माझा स्वतःवर नव्हता एवढा विश्वास तुम्ही माझ्यावर ठेवलात, आणि तो सांभाळायला गावाच्या हाती देऊन गेलात. मला काल तुमचाच नाही, त्या गावाचाही इतका अभिमान वाटला की मी खाली बसलो आणि पोरासारखा रडलो. माफ केलं असं देवूभाऊ म्हणाला नाही. मी ते मागितलंही नव्हतं. त्यानं मला पाणी दिलं.

मग त्यानं विचारलं, "तो नवा आला म्हनते, त्याची खून काय?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला अजून नीट माहीत नाही. म्हाताऱ्यांना कसा जातो तेही माहीत नाही. माहिती काढतो, या आठवड्यात येऊन सांगतो. पण आज सांगितलेलं पुढच्या महिन्यात चुकीचंही ठरेल.

"चुकलं तरी येजो," देवूभाऊ म्हणाला.